दगडातील हाड आणि देहातील गाठ

जबलपूरहून सुमारे वीस किलोमीटरांवर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून वाहते. धुवांधारच्या प्रपातावर गर्जना करून आलेली ही नदी पुढे इतकी संथ होते की, नावाड्याने वल्हे उचलले तर पाण्याचा आवाजही कानी येत नाही. एके ठिकाणी दोन्ही कडे फार जवळ आलेले दिसतात. पूर्वी वानरे या तीरावरून त्या तीरावर उडी मारीत, अशी आख्यायिका आहे आणि त्यावरून त्या जागेला बंदरकूदनी हे नाव पडले आहे. चांदण्या रात्री हे कडे पाहिलेला प्रवासी त्यांचे वर्णन करीतच घरी परततो. परंतु याच नदीच्या काठी, भेडाघाटापासून जवळच, लमेटाघाट नावाचे एक ठिकाण आहे. तेथील चुनखडीचा आणि वालुकाश्माचा थर ना शुभ्र आहे, ना देखणा. प्रवासी तेथे क्वचितच रेंगाळतो. भूगर्भशास्त्रात मात्र लमेट्याचा लौकिक मोठा आहे. जबलपूरपासून चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यापर्यंत आणि पश्चिमेस गुजरातेतील खेडा जिल्ह्यापर्यंत, दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली हा थर जेथे जेथे सापडतो, तेथे तेथे तो लमेट्याच्याच नावाने ओळखला जातो.

या थरातून निघालेल्या एका हाडाची कथा वैद्यकशास्त्रातील एका अवघड प्रश्नावर प्रकाश टाकणारी आहे. तो प्रश्न असा : जी वस्तू पूर्वी कोणी नीट पाहिलेलीच नाही, ती ओळखावयाची कशी? दुर्मिळ अर्बुदांचे, म्हणजे शरीरात वाढणाऱ्या अपरिचित गाठींचे, निदान करणाऱ्या वैद्यापुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. आणि त्याचे उत्तर चुकले, तर त्या चुकीची किंमत रुग्णाला प्राणांनी द्यावी लागते.

हाडाची कथा १८२८ सालची आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल जबलपुरावरून उठून त्या वेळी दहा वर्षे लोटली होती. कंपनी सरकारच्या सेवेतील कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन हा अधिकारी जबलपुरात होता. पुढे ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याची ख्याती झाली, तोच हा स्लीमन. त्याला अश्मीभूत लाकडे गोळा करण्याचा नाद होता. असाच शोध घेत असता जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर, लमेट्याच्या थरात, त्याला दगड बनलेली काही हाडे सापडली. त्यांपैकी दोन मणके त्याने स्पिल्सबरी नावाच्या शस्त्रवैद्याला दिले. स्पिल्सबरीने स्वतः आणखी एक हाड खणून काढले आणि १८३२ मध्ये ती सर्व कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे पाठविली. ब्राह्मी लिपीचे कोडे पुढे ज्याने उलगडले, तोच हा प्रिन्सेप. हाडे जीवाश्म आहेत हे त्याने ओळखले. परंतु ती कोणत्या प्राण्याची, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते आणि ती परत जबलपुरास गेली.

यात प्रिन्सेपच्या बुद्धीचा दोष नव्हता. 'डायनॉसॉर' हा शब्दच मुळी १८४२ साली रिचर्ड ओवेनने घडविला. ज्या प्राणिवर्गाची कल्पनाच अजून कोणाच्या मनात आलेली नव्हती, त्या वर्गात जबलपूरचा मणका कोण कसा बसविणार? पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रमुख टॉमस ओल्डहॅम याने देशभरातील जीवाश्म एका ठिकाणी जमविण्याचा आग्रह धरला आणि १८६२ मध्ये हे मणके पुन्हा कलकत्त्यास आले. ह्यू फाल्कनरने ती सरीसृपाची हाडे असल्याचे ठरविले. अखेर १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. मणका सापडल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली. या काळात मणका तोच होता. बदलले ते त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे ज्ञान. तुलनेसाठी इतर प्राण्यांची हाडे जमली, त्यांची वर्गवारी झाली, आणि मग त्या मणक्याला जागा सापडली.

शरीरातील गाठींच्या बाबतीत नेमके असेच घडत आले आहे. गाठ आणि गाठ यांत भेद असतो, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत, आणि एका अर्बुदावर दुसरे उद्भवले तर त्यालाही स्वतंत्र संज्ञा दिली आहे. परंतु हा विचार डोळ्यांना जे दिसते आणि बोटांना जे लागते, त्यावर आधारलेला होता. गाठीच्या आत काय आहे हे कळावयास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली. स्लीमनला हाडे सापडल्यानंतर दहाच वर्षांनी, १८३८ मध्ये, बर्लिनच्या योहानेस म्यूलरने अर्बुदेही पेशींचीच बनलेली असतात हे दाखविले. त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्खो याने १८५८ मध्ये पेशीमूलक विकृतिशास्त्राचा पाया घातला. प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच जन्म घेते आणि रोगाचे मूळ पेशीतच शोधले पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त. तेव्हापासून गाठीचा तुकडा काढावयाचा, त्याचे पातळ काप करावयाचे, ते रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचावयाचे, ही निदानाची रीत रूढ होत गेली. रंगविलेल्या कापात पेशींची केंद्रके निळी दिसतात आणि भोवतालचा भाग गुलाबी. या निळ्या-गुलाबी चित्रातून प्राणघातक काय आणि निरुपद्रवी काय, हे ओळखणे हेच विकृतिशास्त्रज्ञाचे काम.

हे वाचन किती धोक्याचे असते, याचा धडा खुद्द फिर्खोलाच मिळाला. १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. त्याच्या स्वरयंत्रावर गाठ आढळली. जर्मन शस्त्रवैद्यांना कर्करोगाची शंका आली आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली. इंग्लंडहून बोलाविलेल्या मोरेल मॅकेंझीने मात्र आधी तुकडा तपासून पाहावा, असा आग्रह धरला. तुकडा फिर्खोकडे गेला. त्या काळी या विद्येत त्याच्याहून मोठा अधिकारी कोणी नव्हता. आपणाला दिलेल्या तुकड्यात कर्करोग आढळत नाही, असा निर्वाळा त्याने दिला. शस्त्रक्रिया रहित झाली. गाठ वाढतच गेली. १८८८ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला तेव्हा त्याला बोलताही येत नव्हते, आणि नव्याण्णव दिवस राज्य करून १५ जून रोजी तो मरण पावला. मरणोत्तर तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग स्पष्ट झाला.

फिर्खोने जे पाहिले ते चुकीचे वाचले काय? याचा उलगडा अर्धशतकाहून अधिक काळाने सुचला. १९४८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइसच्या लॉरेन अ‍ॅकरमनने कर्करोगाचा एक विलक्षण प्रकार वर्णन केला. तो चामखिळीसारखा खरबरीत वाढतो. त्याच्या पेशी वरवर पाहता अगदी शांत, सभ्य दिसतात. आणि केवळ पृष्ठभागाचा तुकडा तपासला तर चांगला जाणकारही फसतो. सम्राट फ्रेडरिकची गाठ याच प्रकारची असावी, असे पुढे काही विकृतिशास्त्रज्ञांनी सुचविले आहे. तसे असेल तर फिर्खोची स्थिती प्रिन्सेपसारखीच होती. त्याच्या हाती वस्तू होती. परंतु त्या वस्तूचे नाव अजून जन्मास यावयाचे होते. अ‍ॅकरमनने वर्णिलेली ही गाठ तोंडात, विशेषतः तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालात, आढळते. त्यामुळे जी गोष्ट युरोपात अपूर्वाईची, ती भारतातील वैद्यांना तुलनेने ओळखीची होती. दुर्मिळ म्हणजे कोठे दुर्मिळ, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

भारतापुरता हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, भारतात कर्करोग विरळा आहे, असा समज बराच प्रचलित होता. साधे राहणे आणि शाकाहार यांमुळे येथील लोक या रोगापासून मुक्त राहतात, असेही काही जण म्हणत. १९३५ ते १९३९ या काळात नाथ आणि ग्रेवाल यांनी देशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या व रुग्णालयांच्या नोंदी तपासून या समजाला धक्का दिला. कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा रोग. आणि त्या काळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते. ज्या देशात माणसे रोगाच्या वयाला पोहोचतच नाहीत, तेथे रोग कमी दिसणारच. शिवाय खेड्यापाड्यांत मेलेल्या माणसाच्या गाठीचा तुकडा कोणी कोठे पाठवीत नसे. न पाहिलेली गोष्ट अस्तित्वातच नाही असे मानणे सोपे असते. कर्करोग भारतात विरळा नव्हता. त्याचे निदान विरळे होते.

ही स्थिती पालटण्याच्या कामी एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठा कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी १९२३ मध्ये मिळविली आणि मुंबईस परतून वैद्यकीय महाविद्यालयांत तो विषय शिकविला. याच सुमारास मुंबईत एक मोठी संस्था आकार घेत होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा खानोलकरांकडे आली.

या रुग्णालयाचे महत्त्व केवळ उपचारापुरते नव्हते. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्ण एका छपराखाली जमू लागले आणि त्यांच्या गाठींचे तुकडे एका प्रयोगशाळेत येऊ लागले. ओल्डहॅमने कलकत्त्यात जीवाश्मांसाठी जे केले, तेच परळला अर्बुदांसाठी घडले. एखाद्या जिल्ह्याच्या डॉक्टराला आयुष्यात एकदाच दिसणारी गाठ तेथे पुन्हा पुन्हा दिसू लागली, आणि पुन्हा दिसणाऱ्या गोष्टीतच नियम सापडू शकतो.

खानोलकरांनी काचपट्टीवरील पेशींबरोबर त्या पेशी ज्या माणसाच्या, त्याच्याकडेही पाहिले. तो कोठला, काय नेसतो, काय खातो, काय चघळतो, कसे ओढतो, हे प्रश्न त्यांनी निदानाचाच भाग मानले. या दृष्टीला पूर्वपरंपरा होती. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंगावरील काजळी आणि त्यांना पुढे होणारा कर्करोग यांचा संबंध जोडला होता. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे एल्म्स्लीने १८६६ मध्ये नोंदविले होते. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटलेले टोक तोंडात ठेवून ओढण्याची चाल होती आणि तेथे टाळूचा कर्करोग आढळे, हा इतरत्र जवळजवळ अज्ञात असलेला प्रकार.

१९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. रूढींशी निगडित असे भारतातील तीन नवे कर्करोग, हा त्याचा विषय. त्यांतील एक धोतराचा कर्करोग म्हणून प्रसिद्धीस आला. कमरेवर धोतर ज्या जागी घट्ट आवळले जाते, तेथे वर्षानुवर्षे घर्षण होते. घाम आणि धूळ साचते. कातडी काळवंडते, जाड होते, सोलते, पुन्हा भरते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट येथेच थांबते. क्वचित एखाद्याच्या कमरेवर मात्र न भरणारा व्रण होतो आणि तो कर्करोग ठरतो. लुगडे वा परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांतही असाच प्रकार पुढे आढळला. लंडनच्या वा व्हिएन्नाच्या पाठ्यपुस्तकात या जागेच्या कर्करोगाला स्वतंत्र स्थान मिळणे शक्यच नव्हते, कारण तेथे कोणी धोतर नेसत नव्हते. अशा व्रणाला साधे गळू वा नायटा समजून मलमे लावीत राहिले, तर वेळ निघून जाते. आणि 'नेसण कोठे बांधता?' एवढा एक प्रश्न विचारला, तर निदानाची दिशा सापडते.

जबलपूरच्या आसमंताशी या इतिहासाचा आणखी एक धागा जुळतो. भोवतालच्या जंगलांत तेंदूचे झाड विपुल आणि त्याच्या पानात विडी उत्तम वळता येते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापासून जबलपूर हे विडीच्या धंद्याचे मोठे केंद्र बनले आणि तेथून विडी देशभर गेली. तंबाखूचे हे विविध प्रकार देहात कोठे कोठे काय करतात, याचा छडा परळच्या संशोधकांनी लावला. सांघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्यांत कर्करोग प्रामुख्याने तोंडाच्या पोकळीत आढळतो, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशात त्याचे प्रमाण अधिक, असे त्यांनी दाखविले. सवय आणि गाठीची जागा यांचा हा मेळ म्हणजे निदानाला मिळालेला नकाशाच होता. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचेही खानोलकर पहिले संचालक. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी १९६० ते १९६३ या काळात भूषविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत १९६३ मध्ये सुरू झालेली कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदणी ही देशातील अशी पहिलीच. न मोजलेल्या रोगाला विरळा म्हणण्याचा काळ तिने संपविला.

या ठिकाणी जबलपूरच्या मणक्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्याची कथा लिडेकरने नाव दिल्यावर संपली नाही. दिलेले नावही कायमचे नसते. लिडेकरने ज्या लक्षणांवरून ही जात वेगळी मानली, ती लक्षणे, म्हणजे शेपटीच्या मणक्याची पुढील बाजू खोलगट आणि मागील बाजू चेंडूसारखी फुगीर, पुढे जगभरच्या अनेक प्राण्यांत सापडली. ती एका जातीची ओळख नसून एका मोठ्या कुळाची ओळख ठरली. आणि २००३ मध्ये विल्सन व अपचर्च यांनी हे मूळ नाव आता शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही, असे प्रतिपादन केले. वैद्यकातही अशी फेरतपासणी सतत चालू असते. काल जे एकच अर्बुद मानले गेले, ते आज चार वेगळ्या रोगांचे मिश्रण ठरते, आणि त्या चारांवर उपचारही वेगवेगळे असतात. अशा फेरतपासणीस एकच अट असते : मूळ नमुना जपून ठेवलेला असला पाहिजे. जबलपूरचा तो मणका तर मध्यंतरी हरवलाच होता. २०१२ च्या एप्रिलमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात धनंजय मोहबे आणि सुभाषिस सेन यांना तो पुन्हा सापडला.

आणि या दोन कथा, दगडातील हाडाची आणि देहातील गाठीची, अखेर एकमेकींना प्रत्यक्षच येऊन मिळाल्या आहेत. २०१६ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी टायटॅनोसॉर कुळातीलच एका प्राण्याच्या शेपटीच्या मणक्यात दोन प्रकारची अर्बुदे असल्याचे दाखविले. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९८९ मध्ये सापडलेले सेंट्रोसॉरस या शिंगाळ्या डायनॉसॉरच्या पायाचे एक हाड बरीच वर्षे मोडून जुळलेले हाड म्हणून ठेवले गेले होते. पुढे जीवाश्मतज्ज्ञ आणि रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसले. त्यांनी क्ष-किरणांनी त्या हाडाची थरावार चित्रे घेतली, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्याच जातीच्या निरोगी हाडाशी आणि मानवी रुग्णाच्या हाडाशी त्याची तुलना केली. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला : तो हाडाचा कर्करोग होता, सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा. माणसात हा रोग बहुधा कुमारवयीन मुलामुलींना होतो आणि त्यांच्यातही दुखरा गुडघा खेळताना मुरगळला असेल, म्हणून दुर्लक्षिला जाण्याचा धोका असतोच. प्रस्तुत प्राण्याच्या बाबतीत चुकीच्या नावाने कोणाचे नुकसान झाले नाही. जिवंत रुग्णाच्या बाबतीत आठवडेही मोलाचे असतात.

अपरिचित गाठीचे निदान एकट्याच्या प्रतिभेने सहसा होत नाही. कोणी तरी तुकडा जपून पाठवावा लागतो, कोणी तरी तो इतरांशेजारी ठेवावा लागतो, कोणी तरी रुग्णाला त्याच्या गावाचे आणि नेसणीचे प्रश्न विचारावे लागतात, आणि ओळख पटत नसेल तर नेहमीच्या नावाच्या खणात तो ढकलून न देता 'हे अद्याप कळलेले नाही' असे लिहून ठेवण्याचे धैर्य दाखवावे लागते. स्पिल्सबरीने मणक्याला बैलाचे वा हत्तीचे हाड म्हणून फेकून दिले असते, तर लिडेकरला नाव द्यावयास काही उरलेच नसते. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहावयास दरवर्षी हजारो लोक येतात. त्यांच्यापैकी कोणी जवळच्या लमेटाघाटावर घटकाभर थांबला, तर त्या करड्या थरासमोर त्याला एवढे आठवावे की, येथली गोष्ट सापडावयास एक दिवस पुरला आणि ओळखावयास एकोणपन्नास वर्षे लागली. रुग्णाजवळ तेवढा अवधी नसतो.